एल. एम. पी. डॉक्टरांची अखेर

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले की आपण प्रथम शाळा, पाणी आणि डॉक्टर यांची चौकशी करतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तिन्ही गोष्टी मिळतात. तालुका ओलांडला की तिसरीची खात्री उरत नाही. ही उणीव अंशतः एका जाणत्या, सद्हेतूने घेतलेल्या निर्णयातून आली आहे, असे आम्हांस वाटते.

कंपनी सरकारने १८२२ साली कलकत्त्यास देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा काढली. पलटणींना व मुलकी ठाण्यांना साहाय्यक डॉक्टर हवे होते. १८३५ साली ती मोडून इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज स्थापन झाले. पण गरज मोडली नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातही पुढे मराठी व गुजराती वर्ग निघाले आणि १८७८ साली पुण्यास बैरामजी जीजीभाई वैद्यकशाळा आली. अशाच शाळांच्या परंपरेतून पुढे एल. एम. पी. डॉक्टर तयार झाले. अभ्यासक्रम पदवीहून आखूड, खर्च कमी. म्हणून साध्या घरातील मुलालाही ती वाट परवडे.

१९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. भोर जन्माने नाशिकचे, सनदी नोकरीत मद्रासकडचे आणि काही काळ कोचीनचे दिवाण; म्हणजे परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांचे वडीलबंधूच! १९४६ च्या अहवालाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक. त्यांपैकी बहुसंख्य पदवीधर नव्हते, एल. एम. पी. वर्गातले होते. तरीही समितीच्या बहुमताने ठरविले की, यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला असावा आणि देशाची तुटपुंजी साधने त्याच्याच शिक्षणावर लागावीत. सहा सभासदांनी भिन्नमत नोंदविले: एवढी मोठी तूट असताना हा मार्ग बंद करू नये.

बहुमताच्या बाजूने न्याय होता. खेडुताच्या वाट्याला दुय्यम डॉक्टर का यावा? परंतु पुढे घडले ते असे की, शाळा बंद पडल्या किंवा कॉलेजे झाल्या. पुण्याची शाळा १९४६ सालीच कॉलेज झाली. पदवीधर वाढले आणि बहुतांशी शहरांत राहिले. दुय्यम डॉक्टर गेला, त्याची जागा मात्र पुष्कळ ठिकाणी रिकामीच राहिली.

म्हणून तोच प्रश्न पुनःपुन्हा दार ठोठावतो. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तो थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला. आसामने २००४ साली तसाच कायदा केला. केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून तो उच्च न्यायालयाने २०१४ साली रद्द ठरविला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मात्र त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांना आरोग्यसेवेत ठेवणारा २०१५ चा आसामचा दुसरा कायदा न्यायालयाने उचलून धरला.

दर्जा राखणे अवश्य आहे. पण तो राखताना, दाराशी कोणीच न येणे हाही एक दर्जाच आहे आणि तो सर्वांत खालचा आहे, याचा विसर पडू नये. कागदावर सही करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर तो मुळीच पडू देऊ नये.