हॅलो, ओके, नेक्स्ट स्लाइड प्लीज

गेल्या गुरुवारची गोष्ट. क्लायंटला डेमो द्यायचा होता आणि पहिली दहा मिनिटं आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीनं बोलायचं ठरलं होतं. मुलगी उदगीरची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, कोडिंगमध्ये एकदम पक्की. कॉलच्या आधी सहज तिच्या वहीकडे लक्ष गेलं. "हॅलो एव्हरीवन, कॅन यू सी माय स्क्रीन?" पासून "एनी क्वेश्चन्स?" पर्यंत सगळी वाक्यं देवनागरीत लिहून काढलेली. शेजारचा एकजण फिसकन हसला. खरं सांगतो, मीही हसलो. तिनं वही मिटली, डेमोत दोनदा अडखळली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "सर, पुढच्या वेळी तुम्हीच बोला ना."

हे काही डोक्यातून जाईना. कारण २००४ साली माझ्या पहिल्या कॉलच्या आधी मीही अशीच चिठ्ठी केली होती. ती कुणी पाहिली नाही, एवढाच फरक! म्हणून शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि तिच्या वहीतल्या शब्दांचा इतिहास खणायला घेतला.

सुरुवात 'हॅलो'पासून. हा काही इंग्रजांचा पिढीजात नमस्कार नव्हे. १८२० च्या दशकात तो छापील मजकुरात सापडतो, पण लक्ष वेधायला किंवा आश्चर्य दाखवायला, आपल्या 'अरेच्चा'सारखा. मग १८७६ साली ग्रॅहम बेलनं टेलिफोन आणला आणि प्रश्न आला, की समोरचा माणूस दिसत नसताना बोलणं सुरू कसं करायचं? बेलची पसंती 'अहॉय'ला होती. हा खलाशांचा शब्द. त्याचं चाललं असतं तर आज आपण सगळेच फोन उचलून 'अहो' म्हणत बसलो असतो :) पण १५ ऑगस्ट १८७७ ला एडिसननं पिट्सबर्गच्या एका परिचिताला पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं, वेगळ्या घंटेची गरज नाही, 'हॅलो' दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतं. म्हणजे हा शब्द शिष्टाचारापेक्षा आवाज पोचतो म्हणून निवडला गेला. चक्क इंजिनिअरिंग डिसिजन!

पुढची गंमत तर आणखी भारी. अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये १८७८ साली निघालेल्या टेलिफोन डिरेक्टरीत फोनवर कसं बोलायचं याच्या सूचना छापल्या होत्या. सुरुवात खणखणीत, हसऱ्या 'हलोआ'नं करा आणि संपवताना 'दॅट इज ऑल' म्हणा. याचा अर्थ काय? ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनाही पहिली वाक्यं छापून द्यावी लागली होती. त्यांची चिठ्ठी कंपनीनं काढली, आमच्या मुलीनं स्वतःच्या हातानं लिहिली. मग हसायचं कुणाला?

आता 'ओके'. हा तर सरळसरळ चुकीच्या स्पेलिंगचा विनोद आहे. १८३० च्या दशकात बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं असंच 'ओ. के.' झालं. असले बाकीचे विनोद विरून गेले. हा मात्र टिकला, कारण १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी तो उचलला. ते किंडरहूक गावचे, टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', झालं ओके! व्हॅन ब्युरेन हरले, शब्द जिंकला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकानं १९६० च्या दशकात ही सगळी कुळकथा शोधून काढली. थोडक्यात, दिवसातून शंभरदा आपण जो शब्द वापरतो तो जन्मतःच अशुद्ध आहे, आणि आपण मात्र 'हॅज' आणि 'हॅव'वरून एकमेकांना हसतो.

राहिली 'नेक्स्ट स्लाइड प्लीज'. मॅजिक लँटर्न नावाचा दिवा सतराव्या शतकातला. त्यात रंगवलेली काच सरकवायची, म्हणून ती स्लाइड. व्याख्यान देणारा पुढे आणि दिवा सांभाळणारा मागे, मग विनंती करावीच लागणार. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं, काच गेली, पण विनंती राहिली. २०२० साली कोरोनाच्या काळात इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी हे वाक्य टीव्हीवर इतक्यांदा म्हणाले, की लोकांनी ते मगांवरसुद्धा छापलं.

आणि हा खेळ आपल्याला अजिबात नवा नाही बरं का. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांना घेऊन 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली पौराणिक चित्रं पडद्यावर, सोबत निवेदन आणि संगीत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं मराठी प्रेझेंटेशनच की!

असो. शुक्रवारी तिच्याशी काही बोललो नव्हतो. सोमवारी सगळ्यात आधी सॉरी म्हणणार आहे. मग हे सगळं सांगून तिच्या वहीत दोन वाक्यं वाढवायला सांगणार. प्रश्न कळला नाही तर, "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" आणि उत्तर येत नसेल तर, "लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू." वीस वर्षांत माझी अब्रू सर्वांत जास्त वेळा या दोघांनीच वाचवली आहे. वाक्यं देवनागरीत लिहिली तरी चालतील, वही टेबलावर उघडी ठेवली तरी चालेल.

पुढचा डेमो गुरुवारी आहे. बोलणार तीच. मी मागे बसून स्लाइड सरकवणार.