छुपे रक्तडाग

गुन्ह्यानंतर धुतलेल्या, सारवलेल्या किंवा रंगवलेल्या जागी उरलेल्या रक्ताचा शोध. डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातही हिमोग्लोबिन उरते आणि ते हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विक्रियेला चालना देते. प्राथमिक चाचण्या बहुतेक याच गुणावर आधारलेल्या आहेत.

कॅसल-मेयर चाचणी : संशयित जागा गाळणकागदाने पुसून कागदावर अल्कोहोल, फिनॉल्फ्थेलिनचे रंगहीन द्रावण आणि शेवटी पेरॉक्साइड यांचा एकेक थेंब टाकतात. काही सेकंदांत गुलाबी रंग आला तर रक्ताचा संशय बळावतो. पेरॉक्साइडच्या आधीच किंवा मिनिटभराने आलेला रंग धरू नये. घासून लख्ख केलेल्या कुऱ्हाडीचे पाते पुसून भागत नाही. दांडा पात्यात बसतो ती फट तपासावी लागते. तसेच शहाबादी फरशीचे सांधे, चपलेची शिवण, खिशाचे अस्तर.

ल्युमिनॉल : अंधारात निळसर चमक. गुन्हातपासात वापर १९३७ पासून (वॉल्टर श्पेश्ट, जर्मनी).

बेंझिडिन : पूर्वी प्रचलित, कर्करोगकारक असल्याने मागे पडले.

तांबे, ब्लीच किंवा मुळ्याचा रसही या चाचण्यांना फसवतो. म्हणून रंग किंवा चमक हा पुरावा नव्हे, पुढच्या तपासणीची परवानगी होय. रक्त माणसाचे की बकऱ्याचे, हे प्रेसिपिटिन चाचणी (उलेनहुट, १९०१) सांगते; कोणाचे, हे डीएनए.

महाराष्ट्रात या तपासण्यांसाठी नांदेडला आता प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळांचे संचालनालय मुंबईत, कलिना येथे. पोलीस बोलीत अहवालाला अजूनही 'सीए रिपोर्ट' (सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनलायझर) म्हणतात. १ जुलै २०२४ पासून सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (कलम १७६) असून ती राज्यांनी टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे.

न्यायालये : डाग विघटित होऊन मूळ ठरले नाही, एवढ्यावरून ते माणसाचे नव्हतेच असे होत नाही (राजस्थान राज्य वि. तेजाराम, १९९९). मात्र प्रत्येक प्रकरणाचे वजन वेगळे.

मुद्देमाल : प्रयोगशाळेपर्यंत पोचण्याआधीच पुष्कळ पुरावा कुजतो. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. सावलीत वाळवून, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात ठेवून, पंचांसमक्ष लाखेने सील करावी.