सी प्रोग्रॅममधली कमांड लाइन आर्ग्युमेंट्स म्हणजे काय? ती न मोजता वापरली तर काय होतं?

बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय असो, विद्या प्रतिष्ठानची कॉलेजं असोत की इंदापूर तालुक्यातली कॉलेजं, संगणक शिकणाऱ्या अनेकांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख सी भाषेतूनच होते. त्यात कमांड लाइन आर्ग्युमेंट्स हा भाग अनेक जण परीक्षेपुरता पाठ करतात. पण याच भागातल्या एका चुकीमुळे लिनक्सवर चालणारे असंख्य संगणक १२ वर्षांहून जास्त काळ धोक्यात होते.

कमांड लाइन आर्ग्युमेंट म्हणजे काय?

प्रोग्रॅम सुरू करतानाच त्याच्या नावापुढे आपण जी माहिती लिहितो, ती म्हणजे कमांड लाइन आर्ग्युमेंट्स. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर 'स्कॅनएफ'ने एकेक प्रश्न विचारत बसावं लागत नाही.

समजा, उसाचं बिल काढणारा 'ऊस' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याला गाव, टन आणि प्रतिटन दर द्यायचा आहे. लिनक्सच्या टर्मिनलवर आपण लिहू:

./ऊस इंदापूर १२ ३०००

(दर उदाहरणापुरता आहे. प्रत्यक्षात टाइप करताना आकडे इंग्रजी हवेत, त्याचं कारण पुढे येईल.)

आर्गसी आणि आर्गव्ही काय सांगतात?

'मेन' फंक्शनच्या कंसात दोन गोष्टी येतात. 'आर्गसी' ही आर्ग्युमेंट्सची संख्या आणि 'आर्गव्ही' ही त्यांची यादी. वरच्या उदाहरणात आर्गसी ३ नाही, ४ असतं, कारण प्रोग्रॅमचं नावही मोजलं जातं.

- आर्गव्ही[०] : ./ऊस
- आर्गव्ही[१] : इंदापूर
- आर्गव्ही[२] : १२
- आर्गव्ही[३] : ३०००
- आर्गव्ही[४] : नल, म्हणजे यादी संपली

दर लिहायचा राहिला तर?

मग आर्गसी ३ होतं आणि आर्गव्ही[३] मध्ये नल येतं. प्रोग्रॅमने न तपासता ते आकडा समजून वाचायला घेतलं, की बहुधा 'सेगमेंटेशन फॉल्ट' येऊन तो बंद पडतो.

गावाच्या नावात मोकळी जागा असेल तर उलटं होतं. 'माळेगाव बुद्रुक' असं अवतरण चिन्हांशिवाय लिहिलं, तर शेल त्याचे दोन तुकडे करतो. आर्गसी ५ होतं आणि टनांच्या जागी 'बुद्रुक' जाऊन बसतं. नाव दुहेरी अवतरण चिन्हांत लिहिलं की ते एकच आर्ग्युमेंट राहतं.

म्हणून मेनमधली पहिली ओळ आर्गसी तपासणारी हवी. ते ४ नसेल, तर प्रोग्रॅम कसा चालवायचा हे एका ओळीत सांगावं आणि शून्याऐवजी १ परत करून थांबावं. काहीतरी चुकलंय, हे इतर प्रोग्रॅमना त्यावरूनच कळतं.

आकडा दिसतो, पण तो आकडा असतो का?

नाही. प्रत्येक आर्ग्युमेंट हा मजकूर असतो. त्याचा आकडा करायला अनेक जण 'अ‍ॅटोआय' वापरतात. पण कुणी 'बारा' लिहिलं, तर अ‍ॅटोआय तक्रार न करता ० देतं आणि बिल शून्य रुपयांचं निघतं. देवनागरीत १२ लिहिलं तरी हेच होतं, कारण त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान दिसतं. चुकीचं उत्तर गुपचूप पुढे जातं.

'स्ट्रटोल' वापरलं तर वाचन कुठे थांबलं तेही कळतं. मजकुराच्या शेवटापर्यंत वाचन झालं नसेल, तर ती संख्या नाकारता येते.

मराठी मजकुराचा आणखी एक घोळ आहे. 'बारामती' आणि 'इंदापूर' ही दोन्ही नावं डोळ्यांना चार अक्षरांची दिसतात. लिनक्सवर 'स्ट्रलेन' मात्र दोन्हींची लांबी २१ सांगतं. यूटीएफ-८ मध्ये अक्षरं, काने, वेलांट्या, उकार, अनुस्वार असे प्रत्येकी सात घटक होतात आणि प्रत्येक घटक ३ बाइट घेतो. त्यामुळे २० बाइटच्या जागेत 'स्ट्रकॉपी'ने बारामती भरायला गेलात, तर ती बाहेर सांडते.

मोठी चूक कुठे झाली होती?

पुण्यातही कार्यालय असलेल्या क्वालिस या सायबर सुरक्षा कंपनीने २५ जानेवारी २०२२ रोजी 'पीकेएक्झेक' या लिनक्समधल्या प्रोग्रॅमची त्रुटी जाहीर केली. तिला 'पॉनकिट' म्हटलं गेलं. हा प्रोग्रॅम सी भाषेतला आहे आणि त्रुटी त्यात मे २००९ पासून होती.

प्रोग्रॅमचं नाव तरी असणारच, म्हणजे आर्गसी किमान १ असेल, असं त्यात गृहीत धरलं होतं. पण सी भाषेच्या नियमांनुसार आर्गसी ० असू शकतं. तसं मुद्दाम केलं, की प्रोग्रॅम यादीबाहेरची जागा वाचायचा आणि तिथे लिहायचाही. त्याचा फायदा घेऊन त्या संगणकावरच्या साध्या वापरकर्त्यालाही 'रूट'चे, म्हणजे सर्वोच्च अधिकार मिळवता येत होते. नंतर पॅच आले. लिनक्स कर्नलच्या ५.१८ आवृत्तीपासून तर रिकामी यादी दिली तरी कर्नल स्वतःच एक रिकामा शब्द घालतो.

काय लक्षात ठेवायचं?

- आधी आर्गसी मोजा, मगच आर्गव्हीला हात लावा.
- आकडे स्ट्रटोलने तपासून घ्या.
- कॉपी करण्याआधी लांबी बाइटमध्ये मोजा.
- पासवर्ड आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका. सामायिक लिनक्स संगणकावर 'पीएस' कमांडने तो इतरांनाही सहसा दिसतो.

प्रॅक्टिकलमध्ये ही तपासणी फार तर चार ओळींची असते. पीकेएक्झेकमध्येही नेमकी हीच तपासणी राहून गेली होती.