ब्लॅक फ्रायडे (हिंदी चित्रपट)

ब्लॅक फ्रायडे हा १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बाँबस्फोटांवर आधारित हिंदी चित्रपट आहे. अनुराग कश्यप हे त्याचे पटकथालेखक व दिग्दर्शक आहेत. पत्रकार एस. हुसेन झैदी यांनी याच नावाने लिहिलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकावरून तो बेतला आहे. चित्रपट २००४ साली पूर्ण झाला. मात्र बाँबस्फोट खटल्यातील आरोपींनी हरकत घेतल्यामुळे भारतात तो ९ फेब्रुवारी २००७ रोजी प्रदर्शित होऊ शकला. गुन्हेगारी जगतावरील हिंदी चित्रपटांच्या परंपरेत खऱ्या व्यक्तींची नावे न बदलता घेणारा चित्रपट म्हणून त्याला वेगळे स्थान आहे. स्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरली असल्याने श्रीवर्धन, म्हसळा व माणगाव या परिसराशीही या चित्रपटाच्या विषयाचा निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत दंगली झाल्या. त्यांत सुमारे ९०० लोक मरण पावले. त्यानंतर १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. पुढील सुमारे दोन तासांत एअर इंडिया इमारत, झवेरी बाजार, वरळीतील सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह, सी रॉक हॉटेल आदी ठिकाणी स्फोट झाले. २५७ जण मृत्युमुखी पडले व ७१३ जण जखमी झाले.

तपासात टायगर मेमन हा कटाचा प्रमुख सूत्रधार असल्याचे व दाऊद इब्राहिमच्या टोळीचा त्यात सहभाग असल्याचे पोलिसांनी मांडले. खटला टाडा कायद्याखाली मुंबईतील विशेष न्यायालयात चालला. झैदी यांचे पुस्तक या तपासाचे व कटाचे तपशीलवार वृत्तांकन आहे.

कथानक

चित्रपटाची सुरुवात स्फोटांच्या तीन दिवस आधी होते. पोलिसांच्या ताब्यातील गुल मोहम्मद हा तरुण चौकशीत सांगतो की, शहरात मोठे स्फोट घडविण्याचा बेत शिजत आहे. त्याच्या बोलण्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. त्यानंतर स्फोटांची मालिका दाखविली जाते.

तपासाची सूत्रे वाहतूक विभागाचे उपायुक्त राकेश मारिया यांच्याकडे येतात. वरळी येथे बेवारस सापडलेल्या मारुती मोटारीच्या नोंदणीवरून पोलीस माहीममधील मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचतात. त्या घरात मिळालेली किल्ली दादर येथे स्फोटकांसह सापडलेल्या स्कूटरला लागते आणि तपासाला दिशा मिळते. यानंतर धरपकड, चौकशी व कबुलीजबाब यांचे प्रदीर्घ सत्र सुरू होते. संशयितांना आणि त्यांच्या नातेवाइकांना पोलीस कोठडीत मिळालेली वागणूक चित्रपट लपवीत नाही. त्या वागणुकीचे ओझे मारिया यांच्यावर पडत असल्याचेही दिसते.

कथेचा मोठा भाग बादशहा खान या फरारी आरोपीभोवती फिरतो. मुंबईबाहेर शहरामागून शहर बदलत असताना त्याच्याजवळचे पैसे संपतात, सूत्रधारांकडून मदत येणे थांबते आणि आपला केवळ वापर झाल्याची जाणीव त्याला होते. अखेर तो पोलिसांना सहकार्य करण्यास तयार होतो.

कट कसा रचला गेला व दंगलींमुळे त्याला कशी चिथावणी मिळाली, हा भाग चित्रपटाच्या उत्तरार्धात येतो. परिणाम आधी व कारण नंतर अशा या मांडणीमुळे प्रेक्षक प्रथम स्फोटांची भीषणता पाहतो आणि मगच त्यामागील सूडचक्राशी त्याचा परिचय होतो. दंगली व स्फोट यांच्यातील असा कारणसंबंध न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगानेही आपल्या अहवालात नोंदविला आहे.

कलाकार

• के के मेनन – राकेश मारिया
• पवन मल्होत्रा – टायगर मेमन
• आदित्य श्रीवास्तव – बादशहा खान
• विजय मौर्य – दाऊद इब्राहिम
• इम्तियाज अली – याकूब मेमन
• किशोर कदम – पोलीस अधिकारी डांगळे
• झाकीर हुसेन – पोलीस निरीक्षक चौगुले
• गजराज राव – दाऊद फणसे
• नवाजुद्दीन सिद्दिकी – असगर मुकादम
• दिव्येंदु भट्टाचार्य – येडा याकूब

याकूब मेमनची भूमिका करणारे इम्तियाज अली पुढे दिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आले. किशोर कदम हे मराठी वाचकांना 'सौमित्र' या नावाने कवी म्हणून परिचित आहेत. नवाजुद्दीन सिद्दिकी यांच्या सुरुवातीच्या लक्षवेधी भूमिकांत या चित्रपटातील भूमिकेचा समावेश होतो.

निर्मिती व शैली

चित्रपटाची निर्मिती मिड-डे मल्टिमीडिया या संस्थेने केली. अरिंदम मित्रा हे निर्माते होते. कश्यप यांनी यापूर्वी सौरभ शुक्ला यांच्यासह राम गोपाल वर्मा यांच्या 'सत्या' (१९९८) या चित्रपटाची पटकथा लिहिली होती. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'पाँच' सेन्सॉरच्या आक्षेपांमुळे अडकला व चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला नाही.

'दीवार' (१९७५), 'परिंदा' (१९८९), 'सत्या' व 'वास्तव' (१९९९) या चित्रपटांत मुंबईच्या गुन्हेगारी जगताचे चित्रण काल्पनिक पात्रांद्वारे झाले होते. 'कंपनी' (२००२) मध्ये खऱ्या टोळीप्रमुखांमधील वैराचा आधार घेतला असला, तरी नावे बदललेली होती. 'ब्लॅक फ्रायडे'ने हा आडपडदा दूर केला. त्यात नायक-नायिका, प्रेमकथा किंवा नृत्यगीते नाहीत. प्रकरणांची शीर्षके, तारखा, स्थळांची नावे व वृत्तचित्रणातील खरी दृश्ये यांमुळे चित्रपटाला अनुबोधपटाची धाटणी लाभली आहे. छायाचित्रण नटराजन सुब्रमण्यम यांचे, तर संकलन आरती बजाज यांचे आहे.

झोपडपट्टीच्या चिंचोळ्या बोळांतून पोलीस एका संशयिताचा पाठलाग करतात, ते दीर्घ दृश्य विशेष गाजले. हिंदी चित्रपटांतील रूढ पाठलागाप्रमाणे त्यात कोणी शूर दिसत नाही. पळणारा आणि पाठलाग करणारे दोघेही दमतात, थांबतात व पुन्हा धावू लागतात.

संगीत

संगीत दिल्लीच्या इंडियन ओशन या वाद्यवृंदाचे असून गीते पीयूष मिश्रा यांची आहेत. गाणी पात्रांच्या तोंडी न देता पार्श्वभूमीवर योजली आहेत. त्यांतील 'बंदे' हे गीत चित्रपटाबाहेरही लोकप्रिय झाले व वाद्यवृंदाच्या जाहीर कार्यक्रमांचा भाग बनले.

रायगड किनारा व माणगाव परिसर

खटल्यातील पुराव्यांनुसार शस्त्रे व स्फोटके समुद्रमार्गे आणून रायगड जिल्ह्यात उतरविण्यात आली. पहिली खेप ९ जानेवारी १९९३ रोजी दिघी येथे, तर पुढील खेपा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडी येथे आल्या. दिघी हे राजपुरी खाडीच्या मुखाशी, मुरूड-जंजिऱ्याच्या समोरील बाजूस आहे. शेखाडी हे दिवेआगर व श्रीवर्धन यांच्या दरम्यानचे किनारी गाव आहे. दोन्ही ठिकाणे श्रीवर्धन तालुक्यात येतात. काही आरोपींना म्हसळा तालुक्यातील संदेरी येथील डोंगरावर शस्त्रे हाताळण्याचे शिक्षण देण्यात आल्याचेही न्यायालयासमोर आले.

या किनाऱ्यावरून मुंबईकडे जाणारी वाट म्हसळ्यावरून घाटाने वर येते व माणगाव परिसरात मुंबई-गोवा महामार्गाला (तत्कालीन राष्ट्रीय महामार्ग १७, सध्याचा ६६) मिळते. माणगाव हे तालुक्याचे ठिकाण असून दक्षिण रायगडच्या किनारी गावांचे ते महामार्गावरील प्रवेशद्वार मानले जाते. एका बाजूस तुरळक वस्तीचा, खाड्यांनी तुटलेला किनारा आणि दुसऱ्या बाजूस काही तासांत मुंबईला पोहोचविणारा महामार्ग, अशी या भागाची रचना आहे. चोरट्या आयातीसाठी या किनाऱ्याची निवड का झाली असावी, हे त्यावरून लक्षात येते.

सोने व चांदीची चोरटी आयात कोकण किनाऱ्याला १९९३ पूर्वीपासून परिचित होती. तस्करांच्या भाषेत माल उतरविण्यास 'लँडिंग' म्हणत. त्यासाठी होड्या, मजूर व ट्रक पुरविणारे स्थानिक हस्तक असत आणि सरकारी यंत्रणेतील काहींचे हात ओले केले जात. स्फोटकांची खेप याच रुळलेल्या वाटेने आली. आर.डी.एक्स. या स्फोटकाला आरोपींच्या बोलण्यात 'काला साबुन' असे नाव होते. ९ जानेवारीच्या रात्री म्हसळ्याजवळ गोंडघर फाटा येथे पोलिसांनी मालाची वाहने अडविली, परंतु लाच ठरवून ती सोडून दिली, असे खटल्यात सिद्ध झाले. सीमाशुल्क विभागातील व पोलीस दलातील काही अधिकारी-कर्मचारी त्यामुळे दोषी ठरले.

चित्रपटात हा भाग मुख्यतः दाऊद फणसे या पात्राच्या चौकशीतून उलगडतो. माल उतरविण्याचे काम करणारा हा किनाऱ्यावरील हस्तक टोळीतील बड्या धेंडांपुढे दबून वागणारा, चौकशीत मात्र हळूहळू खुलणारा असा रंगविला आहे. रायगडमधील प्रसंगांना चित्रपटात तुलनेने कमी वेळ मिळाला असला, तरी शहरातील संहाराची पूर्वतयारी शहरापासून दूर, क्षुल्लक वाटणाऱ्या लाचखोरीतून कशी शक्य झाली, हे त्यांतून स्पष्ट होते.

न्यायालयीन वाद

चित्रपट २८ जानेवारी २००५ रोजी प्रदर्शित होणार होता. त्यापूर्वी खटल्यातील काही आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. टाडा न्यायालयाचा निकाल लागलेला नसताना आपल्याला खऱ्या नावाने गुन्हेगार म्हणून दाखविल्यास न्याय्य सुनावणीच्या हक्काला बाधा येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. निर्मात्यांच्या बाजूने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा होता. शिवाय चित्रपट ज्या पुस्तकावर आधारला होता, ते आधीपासूनच वाचकांसमोर होते.

उच्च न्यायालयाने टाडा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत प्रदर्शनास मनाई केली. निर्मात्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तरी निकालापूर्वी चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तीचा हक्क व अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क यांच्यातील तणावाचे उदाहरण म्हणून हे प्रकरण पाहता येते.

न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी १२ सप्टेंबर २००६ पासून निकाल देण्यास प्रारंभ केला. १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले व २३ जणांची निर्दोष मुक्तता झाली. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा दोषी कोण हे ठरले होते, मात्र शिक्षा सुनावण्याचे काम जुलै २००७ पर्यंत चालले.

प्रदर्शन व प्रतिसाद

चित्रपट प्रथम २००४ च्या लोकार्नो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला व तेथील 'गोल्डन लेपर्ड' या मुख्य पुरस्काराच्या स्पर्धेत होता. लॉस एंजेलिस येथील भारतीय चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. भारतात त्याला प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र देण्यात आले.

समीक्षकांनी चित्रपटाचे बहुतांशी स्वागत केले. संयत अभिनय, पवन मल्होत्रा यांचा टायगर मेमन, घटनांची गुंतागुंत न सोपी करता केलेली मांडणी आणि कोणत्याही एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करण्याची भूमिका यांची विशेष प्रशंसा झाली. पात्रांची मोठी संख्या व काळाच्या पुढे-मागे जाणारे निवेदन यांमुळे घटनाक्रम माहीत नसलेल्या प्रेक्षकाला चित्रपट अवघड जातो, असाही सूर उमटला.

चित्रपटाच्या दृष्टिकोनाबाबत दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला असा की, पुस्तक व चित्रपट यांचा मोठा आधार पोलीस तपास व कबुलीजबाब हा आहे. टाडा कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य असे, आणि याच तरतुदीवर मोठी टीका झाली होती. चित्रपट कोठडीतील छळ दाखवून ही मर्यादा काही अंशी स्वतःच उघड करतो. दुसरा प्रश्न खऱ्या नावांचा आहे. निकालापूर्वी ज्या नावांमुळे चित्रपट अडला, तीच नावे निकालानंतर त्याच्या विश्वासार्हतेचा आधार ठरली.

प्रभाव

'स्लमडॉग मिलियनेर' (२००८) या चित्रपटाचे दिग्दर्शक डॅनी बॉईल यांनी 'ब्लॅक फ्रायडे'तील पाठलागाच्या दृश्यापासून प्रेरणा घेतल्याचे सांगितले आहे. कश्यप यांना स्वतंत्र शैलीचे दिग्दर्शक म्हणून मान्यता मिळण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. 'गँग्ज ऑफ वासेपूर' (२०१२) हा त्यांचा पुढील महत्त्वाचा गुन्हेगारीपट होय. झैदी यांच्या अन्य पुस्तकांवरूनही 'शूटआउट ॲट वडाला' (२०१३) व 'गंगूबाई काठियावाडी' (२०२२) हे चित्रपट निघाले.

नंतरच्या घडामोडी

२१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याकूब मेमनची फाशी कायम ठेवली व अन्य दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. समुद्रमार्गे आलेली स्फोटके रोखण्यात अपयशी ठरलेल्या यंत्रणांवरही न्यायालयाने ताशेरे ओढले. ३० जुलै २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहात याकूबला फाशी देण्यात आली. टायगर मेमन व दाऊद इब्राहिम खटल्यात फरारी आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादीही समुद्रमार्गेच आले. त्यामुळे किनारपट्टीच्या सुरक्षेचा जो प्रश्न १९९३ साली दिघी व शेखाडी येथे उघडा पडला होता, तो पुन्हा ऐरणीवर आला.

हे सुद्धा पहा

• १९९३ चे मुंबई बाँबस्फोट
• श्रीकृष्ण आयोग
• अनुराग कश्यप
• सत्या (चित्रपट)
• श्रीवर्धन तालुका
• माणगाव तालुका