टॅगची जागा आणि वाक्याची लांबी

* सॉफ्टवेअरमधला मजकूर अनुवादताना ‘टॅगला हात लावू नये’ हा नियम टॅगच्या अक्षरांपुरता खरा आहे, जागेपुरता नव्हे. टॅग म्हणजे कोनी कंसातली खूण; ती एखाद्या शब्दाला ठळक करते किंवा दुवा जोडते. तो शब्द अनुवादात जिथे जाईल, तिथे खुणेनेही जायला हवे. इंग्रजीत ‘येथे क्लिक करा’ हा भाग सहसा आधी येतो. मराठीत मात्र ‘फाइल उघडण्यासाठी येथे क्लिक करा’ असा शेवटी. म्हणूनच खुणांपाशी वाक्य तोडून तुकडे अनुवादकाकडे पाठवणे चूक ठरते : क्रियापद एका तुकड्यात अडकते, कर्म दुसऱ्यात, आणि त्यांचा क्रम बदलायला वावच उरत नाही. यावर आक्षेप असा, की मजकूर लांब ठेवला तर एखादा स्वल्पविराम बदलला तरी गेटटेक्स्ट या अनुवाद-साधनात अख्खा अनुवाद ‘फझी’ (पुन्हा तपासण्याजोगा) ठरू शकतो आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी उमटते. आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचा उपाय परिच्छेद वेगळे करणे हा आहे, वाक्य फोडणे नव्हे. गेटटेक्स्टची पुस्तिकाही पूर्ण वाक्ये द्यावीत आणि लांब मजकूर परिच्छेदांपाशी विभागावा, असेच सुचवते. दोन परिच्छेदांमधला सांधा सैल असतो. वाक्याच्या आतला घट्ट. — संपादक