सहा वादकांची चीज, पन्नासांचा वाद्यवृंद

छोट्या मेळासाठीं बांधलेली रचना मोठ्या वाद्यवृंदाच्या हातीं गेली म्हणजे तिचें काय होतें, हें अमेरिकन संगीतकार रेमंड स्कॉट याच्या 'पॉवरहाउस' या रचनेच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

स्कॉट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत १९०८ सालीं जन्मला. १९३६ च्या अखेरीस त्यानें सहा जणांचा मेळ जमविला. नांव मात्र 'क्विंटेट', म्हणजे पंचक! पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, डबल बास आणि ड्रम, एवढाच त्याचा संसार. तो काळ स्विंग जॅझचा होता. ऐन वेळीं स्वैर विस्तार करण्याची वादकाची मुभा हें त्या संगीताचें भूषण. परंतु स्कॉटला ती फारशी मान्य नव्हती. तो स्वरलिपीहि सहसा लिहून देत नसे. पियानोवर एकेक तुकडा वाजवून दाखवावा, वादकांनीं तो मुखोद्गत करावा, आणि एकदां ठरलेल्या स्वरांत फेरफार करूं नये, असा त्याचा दंडक होता. 'पॉवरहाउस' १९३७ सालीं ध्वनिमुद्रित झाली. तिचा एक भाग धांवता, तर दुसरा कारखान्यांतील यंत्रासारखा संथ ठेक्याचा आहे.

१९४३ सालीं स्कॉटनें आपल्या रचनांचे प्रकाशनहक्क वॉर्नर ब्रदर्सला विकले. तेथील व्यंगचित्रपटांना संगीत देणाऱ्या कार्ल स्टॉलिंगच्या हाताशीं सुमारें ५० वादकांचा वाद्यवृंद होता. एवढ्या जणांना तोंडी शिकविणें अशक्य. म्हणून पाठांतरावर जगलेली चीज कागदावर उतरली. अशा रूपांतरांत रंग आणि जोर वाढतो. पण एकट्या वादकाचा ठेक्याशीं चालणारा लपंडाव लिहितां येत नाहीं, आणि अनेक व्हायोलिनें एकत्र वाजूं लागलीं कीं ठेक्याची धार बोथट होते. शिवाय स्टॉलिंगनें रचना अखंड ठेवली नाहीं. पडद्यावर यंत्रें फिरूं लागलीं किंवा पाठलाग सुरू झाला कीं तिचा तेवढाच तुकडा तो योजीत असे.

स्कॉटनें ही रचना चित्रपटांसाठीं केलेली नव्हती. तरीहि मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं ती ऐकली, आणि कर्त्याचें नांव मात्र त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होतें. १९९२ सालीं मूळ ध्वनिमुद्रणांचा संग्रह पुन्हां निघाला, तेव्हां त्या सहा वादकांचा चपळ, रेखीव मेळ नव्या श्रोत्यांच्या कानीं पडला. दोन वर्षांनीं, १९९४ सालीं, स्कॉट निवर्तला. रूपांतरानें त्याचें नांव झांकलें, हें खरें. पण चीज लोकांच्या कानांत जिवंत राहिली, तीहि त्या रूपांतरामुळेंच.