स्वयंपाकघराची भिंत : एक ऐतिहासिक विचार

जुन्या नाशकातील वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, अशा ज्ञातिबांधवांस वाड्याची रचना सांगणे नलगे. दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, माजघर आणि आत स्वयंपाकघर, असा तो सर्वसाधारण क्रम. माजघर व स्वयंपाकघर यांमधील भिंत ही त्यांतील एक लहानशी बाब; परंतु आज घरोघरी तीच काढून टाकण्याचा विचार चालू असल्यामुळे तिचा इतिहास पाहणे उचित होय.

ही भिंत निष्कारण उभी राहिली नव्हती. चुलीत लाकडे व गोवऱ्या जळत. कौलांतून बाहेर पडेपर्यंत धूर घरभर पसरू नये व आगीचे भय एका खोलीपुरते राहावे, हे तिचे पहिले प्रयोजन. दुसरे सोवळ्याओवळ्याचे. आत कोणी यावे व कोणी उंबऱ्याबाहेर थांबावे, याची ती सीमा होती. ज्या नगरीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेथील घरांच्या आतही अशा सीमा होत्या, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पहिले प्रयोजन नव्या इंधनाने नाहीसे केले. रॉकेलचा स्टोव्ह आला. १९६५ साली इंडियन ऑईलने ‘इंडेन’ गॅस सुरू केला. ओटा आला आणि चुलीपुढे बसून रांधणारी गृहिणी उभी राहिली. अमेरिकेत तर १९३४ मध्येच मिनियापोलिस येथील विली कुटुंबाच्या घरात फ्रँक लॉईड राईट या स्थापत्यविशारदाने स्वयंपाकाची जागा बैठकीच्या दालनास जोडून दिली होती. आपल्याकडे सोवळेही काळाने झिजले. भिंत मात्र राहिली, आणि तिच्यामागे गृहिणीही राहिली.

गतवर्षी आमच्या सूनबाईंनी ही भिंत काढण्याची सूचना केली, तेव्हा आम्ही परंपरेचा हवाला देऊन नकार दिला. त्यावर आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “अहो, चाळीस वर्षे तुम्ही पाहुण्यांशी बोललात; मी ते भिंतीआडून ऐकले.” वर्गात इतिहास शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, घरातील हा इतिहास मात्र आम्हांस ठाऊक नव्हता. आम्ही संमती दिली.

तथापि एक सावधगिरीची सूचना. वाड्यांत वरच्या मजल्याचा भार पुष्कळदा लाकडी खांब व तुळया वाहत आणि मधली भिंत केवळ आडोशापुरती असे. पुढील काळातील विटांच्या घरांत मात्र तशीच दिसणारी भिंत वरचा स्लॅब पेलून धरते. योग्य आधार देऊन तुळई बसविल्याशिवाय तिला हात लावणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. काँक्रीटच्या इमारतींत भार स्तंभांवर असतो. तेथेही कोणती भिंत कशासाठी आहे, हे नुसत्या दिसण्यावरून कळत नाही. शिवाय धूर गेला तरी फोडणीचा ठसका गेलेला नाही. त्यासाठी खिडकी व हवा बाहेर टाकणारा पंखा हवाच.

सारांश, भिंत काढण्यापूर्वी अभियंत्यास अवश्य विचारावे. परंतु ती ठेवण्याचा आग्रह धरण्यापूर्वी, तिच्यापलीकडे जिचे आयुष्य गेले तिलाही विचारावे, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.